पडद्यावर मासेच मासे, गळ मात्र कोरडा : कयाकसाठी फिश फाइंडर घेण्याआधी

नोव्हेंबरातली सकाळ होती. धोम धरणाच्या फुगवट्यावर आम्ही दोघं दोन कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या चिंचोळ्या छोट्या होड्या, घेऊन उतरलो होतो. मित्राच्या कयाकवर नवाकोरा फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र. कमळगडाच्या बाजूचं धुकं अजून निघालं नव्हतं, पाण्यावर सुरकुती नव्हती. काठापासून शंभरेक हात आत गेलो आणि तो ओरडला, "अरे ये इकडं, खाली जत्रा भरलीय!" मी कयाक त्याच्या कडेला नेऊन लावली. पडद्यावर खरंच माशांची चित्रं दाटीवाटीनं उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर खोलीचा आकडा: ११ फूट, १२ फूट, साडेबारा. आम्ही कणकेच्या गोळ्या लावून गळ सोडले. दोन तास बसलो. एक टोचा नाही. उलट दोन गळ खाली कशात तरी अडकून तुटले.

मे महिन्यात पाणी उतरल्यावर त्याच जागी चालत गेलो. तिथं एक बाभळ उभी होती, पाण्यात राहून काळी पडलेली, फांद्या सगळ्या शाबूत. दोन फांद्यांच्या बेचक्यात आमचा तंगूस गुंडाळलेला होता, त्याच्या टोकाला गंजलेला गळ.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. खाली पाण्यापेक्षा वेगळं काहीतरी आहे, इतकंच त्याला कळलं होतं आणि ते खरंच होतं. त्या 'काहीतरी'वर माशाचं चित्र चिकटवण्याची एक सोय त्यात चालू होती, आणि आम्ही त्या चित्रावर विश्वास ठेवला.

कोयनेच्या शिवसागरावर मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झाल्यापासून सातारा-सांगलीत कयाकबद्दल विचारणारे वाढले आहेत. त्यातले गळ टाकणारे लवकरच दुसऱ्या प्रश्नावर येतात: फिश फाइंडर कोणता घेऊ? जाहिरातीत मेगाहर्ट्झ, वॅट, चर्प, साइड इमेजिंग असे शब्द असतात आणि माणूस शेवटी सगळ्यात मोठा पडदा पसंत करतो. तसं करू नका, हे सांगायला हा लेख आहे. कयाकवर पैसे आणि डोकं खर्च करायची जागा पडदा नाही. पाण्यात बुडणारा मुठीएवढा तुकडा आणि तो बसवण्याची पद्धत, ही ती जागा.

## विहिरीतला दगड आणि सोनोग्राफी

लहानपणी खोल विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू यायला किती वेळ लागतो, यावरून पाणी किती खाली गेलंय याचा अंदाज आपण सगळ्यांनीच घेतलाय. फिश फाइंडर तेच करतो. दगडाऐवजी तो आवाज सोडतो आणि तळाला आपटून परत आलेला आवाज ऐकतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात जवळपास दीड किलोमीटर. ३० फूट खोल पाण्यात आवाज खाली जाऊन वर यायला सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग लागतो. जाण्यायेण्याचा वेळ मोजायचा, वेगानं गुणायचा, निम्मा करायचा. मिळाली खोली.

याहून जवळचं उदाहरण सोनोग्राफीचं. डॉक्टर पोटावर मुठीएवढी वस्तू फिरवतात, तिच्यातून कानाला न ऐकू येणारा आवाज आत जातो आणि परत आलेल्या आवाजातून पडद्यावर बाळ दिसतं. कयाकखालची तशीच वस्तू म्हणजे ट्रान्सड्यूसर. तिच्यात एका खास सिरॅमिकची चकती असते. वीज दिली की ती थरथरते आणि बाहेरून थरथर आली की वीज देते. काही स्फटिकांचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. पहिल्या महायुद्धात तो पाणबुड्या हुडकण्याच्या कामी लावला गेला आणि १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो कंपनीनं मच्छीमारांना वापरता येईल असा फिश फाइंडर बाजारात आणला.

मग मासा कसा दिसतो? माशाचं अंग बरंचसं पाण्यासारखंच असतं, त्यातून आवाज आरपार निघून जातो. रोहू-कटला साफ करताना पोटात पांढरा, मध्ये आवळलेला, दोन कप्प्यांचा फुगा निघतो ना, खरी परतफेड तिथून होते. त्या फुग्यात हवा असते, आणि पाण्यातला आवाज हवेला लागला की जवळजवळ सगळा मागे फिरतो. म्हणजे यंत्र माशातला फुगा बघतं. हे लक्षात ठेवा, कारण हवा हाच शब्द पुढं कयाकला ट्रान्सड्यूसर बसवताना पुन्हा येणार आहे.

## पडदा म्हणजे फोटो नव्हे, ईसीजीची पट्टी

नव्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथं होते. त्याला वाटतं, पडद्याची डावी-उजवी म्हणजे कयाकची डावी-उजवी. तसं नाही. ईसीजीची पट्टी जशी सरकत जाते तसा हा पडदा सरकतो. उजव्या कडेची बारीक उभी रेघ म्हणजे 'आत्ता'. तिच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. पडद्याच्या मध्यावर मासा दिसला तर तो मघाशी तुमच्या खाली होता. आता कुठं असेल ते त्यालाच माहीत.

म्हणूनच पडद्यावर रेघेची लांबी म्हणजे माशाची लांबी नव्हे. कयाक एका जागी उभी असेल आणि खाली वीतभर चिलापी रेंगाळत असेल, तर ती पडदाभर लांब रेघ काढते. कयाक चालत असेल आणि मासा खालून गेला तर धनुष्यासारखी कमान उमटते. मासा आवाजाच्या घेराच्या कडेला असताना तिरपा, म्हणून थोडा लांब. बरोबर खाली आल्यावर जवळ. बाहेर पडताना पुन्हा लांब. लांब-जवळ-लांब जोडलं की कमान. मासा कडेनंच निघून गेला तर अर्धीच कमान दिसते. आकाराचा अंदाज घ्यायचा तर कमानीची जाडी बघा.

माशाची चित्रं दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. सेटिंगमध्ये ती 'फिश आयडी' अशा काहीशा नावानं असते. ती बंद केली असती तर त्या नोव्हेंबरात आम्हाला तळापासून वर आलेला, फाटे फुटलेला उभा गुंता दिसला असता आणि झाड आहे हे कळलं असतं.

## टॉर्चचा झोत आणि त्याची रुंदी

ट्रान्सड्यूसरमधून निघालेला आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. तो किती पसरतो हे आवाजाच्या वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यावर, आणि चकतीच्या आकारावर ठरतं. वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मोजतात. एक किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपनं.

बाजारात नेहमी दिसणारा आकडा २०० किलोहर्ट्झ. याचा झोत साधारण २० अंशांचा. हिशेब सोपा आहे: जेवढी खोली, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त रुंदी दिसते. ३० फुटांवर साडेदहा फूट. १० फुटांवर जेमतेम साडेतीन फूट, म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढं वर्तुळ. तेवढ्यात मासा आला तर दिसणार, चाकाबाहेर सगळं अंधारात. दुसरा आकडा ८३ किलोहर्ट्झ, झोत साधारण ६० अंश. ३० फुटांवर ३५ फूट रुंदी दिसते, पण तपशील विरळ होतो. रुंद बघायचं की बारीक, यातलं एक निवडावं लागतं.

ही गणितं फुटांत मांडतोय ते मुद्दाम. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे पुराचा इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाण्याचा अंदाज आपल्या अंगात फुटांनीच मुरलेला आहे. यंत्राचं मापही फुटांवर ठेवा, पाण्यावर बसून मनात गुणाकार करत बसू नका.

'चर्प' हा शब्द जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. जुनं यंत्र एकाच सुराची टिचकी मारतं. चर्पचं यंत्र सा पासून नी पर्यंत ओढलेला छोटा आलाप सोडतं आणि परत आलेल्या गोंगाटातून आपलाच आलाप ओळखून काढतं. टिचकीवाल्याला तळाशी खेटून बसलेला मासा आणि तळ एकच वाटतात. आलापवाल्याला ते वेगळे काढणं जास्त जमतं. हा फरक खरा आहे, त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

## मासा शोधू नका, तळ वाचा

आमच्याकडं कृष्णेच्या काठी एक मामा आहेत. जन्म पाण्यावर गेलाय, आधी गुळाच्या काहिलीतून, नंतर होडीतून. त्यांच्याकडं दोरीला बांधलेला शिशाचा गोळा असतो. तो ते खाली सोडतात, तळाला टेकला की दोन बोटांनी दोरी वरखाली करतात आणि सांगतात. एकदा म्हणाले, "हितं चिखल हाय. गोळा चिकाटतोय बघ." होडी वीसेक हात पुढं नेली, पुन्हा गोळा सोडला. "हां, आता ठण् झालं. खडक. हितं बस." मी दोरी हातात घेतली तेव्हा मला दोन्ही जागा सारख्याच लागल्या. चार-पाच वेळा केल्यावर बोटांना फरक कळला: चिखलात गोळा निघताना दोरी किंचित ओढ खाते.

फिश फाइंडरचं खरं काम हेच आहे. कडक तळ आवाज जोरात परत पाठवतो, म्हणून पडद्यावर तळाची रेघ जाड आणि भडक येते. गाळ आवाज गिळतो, रेघ पातळ आणि फिकट होते. तळ फार कडक असेल तर आवाज तळाला लागून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाला लागून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो. मग बरोबर दुप्पट खोलीवर तळाची दुसरी पुसट रेघ दिसते. ती दिसली की मुरूम किंवा खडक समजा. नवा माणूस ती दुसरी रेघ बघून घाबरतो; खरं तर तीच सगळ्यात कामाची खूण आहे.

आपल्या धरणांच्या पोटात काय आहे ते आठवा. नदीचं जुनं पात्र आहे, शेतांच्या ताली आणि बांध आहेत, विहिरी, घरांची जोती, देवळं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा कोयनेच्या फुगवट्यात जुन्या वस्त्यांच्या खुणा वर येतात, हे तिकडच्या लोकांनी दरवर्षी बघितलेलं आहे. सपाट गाळाच्या मैदानावर मासा फारसा थांबत नाही. बांधाच्या आडोशाला, जुन्या पात्राच्या कडेवर, झाडाच्या सावलीत तो थांबतो. तिथं खायला मिळतं आणि लपायलाही. पडद्यावर एकही कमान नसताना तळ १४ फुटांवरून अचानक २२ ला गेला, तर मी तिथंच गळ टाकतो. कमानी भरपूर आणि तळ सपाट असेल तर बहुतेक वेळा पुढं जातो.

अजून एक गोष्ट उन्हाळ्यात दिसते. खोल जलाशयात वरचं पाणी तापतं, खालचं थंडच राहतं, आणि दोघांची एकमेकांत मिसळ होत नाही. पडद्यावर मध्येच पुसट धुक्यासारखा आडवा पट्टा दिसतो, तो या दोन थरांचा सांधा. खालच्या थरात प्राणवायू कमी होत जातो, म्हणून मासे सांध्याच्या वर राहतात. ५० फूट पाण्यात पट्टा २० फुटांवर असेल तर गळ तळाला नेऊन उपयोग नाही.

आणि जे यंत्राला दिसत नाही तेही समजून घ्या. वाम गाळात तोंड खुपसून पडलेली असते. ती तळातच मिसळून जाते, दिसत नाही. मरळ काठाच्या गवतात, दोन-तीन फूट पाण्यात, अधूनमधून वर येऊन हवा घेत असते. तिथं झोत ताटाएवढाही नसतो. तुमची मासेमारी मुख्यतः मरळीची असेल तर फिश फाइंडर घेऊ नका. त्या पैशांत चांगलं लाइफ जॅकेट येईल.

## उथळ पाण्यात बाजूला बघणारं यंत्र

बैलगाडीच्या चाकाएवढ्या वर्तुळावर उपाय आहे. 'साइड इमेजिंग' म्हणजे आवाज खाली न सोडता डाव्या-उजव्या अंगाला पातळ पंख्यासारखा सोडायचा. ४५५ किलोहर्ट्झ, ८०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरचे सूर यासाठी वापरतात. १० फूट पाण्यातसुद्धा दोन्ही बाजूंचा पन्नास-साठ फुटांचा पट्टा दिसतो आणि विहिरीचं कडं, झाडाच्या फांद्या, बांधाची रेघ ओळखू येतात. झाडामागं पांढरट रेघांत काळी सावली पडते. सावलीच्या लांबीवरून झाड किती उंच ते कळतं.

धरणांच्या फुगवट्यात तुम्ही पाच ते पंचवीस फुटांतच फिरणार असाल, तर मोठ्या पडद्यापेक्षा ही सोय जास्त देऊन जाते. अट एकच: कयाक सरळ आणि संथ चालली पाहिजे. वल्ही मारताना कयाकचं तोंड डावीकडं-उजवीकडं हलतं आणि त्याबरोबर चित्रही नागमोडी होतं. पायांनी चालवायची पेडल कयाक असेल तर चित्र स्वच्छ येतं. साधी कयाक असेल तर छोटे, हलके वल्हे मारत जा, सवयीनं जमतं.

## बसवायचं कसं : सोनोग्राफीचं जेल इथंही लागतं

सोनोग्राफीच्या आधी पोटावर गार जेल लावतात. ते कशाला? प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरतो. माशाच्या फुग्यावर आवाज फिरतो तसाच. कयाकवर फिश फाइंडर नीट चालत नसल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, तर मी आधी हा हवेचा थर शोधतो.

बहुतेक कयाक पॉलिइथिलीन प्लास्टिकच्या असतात आणि त्यातून आवाज बऱ्यापैकी आरपार जातो. म्हणून ट्रान्सड्यूसर कयाकच्या आत, बुडाला चिकटवता येतो. भोक पाडायला लागत नाही, खडकावर घासला तरी ट्रान्सड्यूसरला काही होत नाही. पण चिकटवताना बुडबुडा राहिला की संपलं. मी असं करतो: आधी जागा घासून-पुसून घेतो. मग न चिकटवताच त्या जागी थोडं पाणी ओततो, ट्रान्सड्यूसर त्यात टेकवतो आणि कयाक पाण्यात नेऊन खोली बरोबर येते का बघतो. आली तरच चिकटवायचं. पाण्यात चालणारा सिलिकॉन किंवा तसाच लवचीक गोंद मध्यभागी ढिगासारखा घालायचा आणि ट्रान्सड्यूसर हळूहळू फिरवत दाबायचा, म्हणजे हवा कडांकडून निघून जाते. आणि तुम्ही नेहमी जिथं बसता तिथं बसल्यावर तो सपाट राहतो का, हे चिकटवण्याआधीच बघा. रिकामी कयाक आणि माणूस बसलेली कयाक यांचा कल वेगळा असतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तापमान दाखवलं तरी ते प्लास्टिकचं असतं, पाण्याचं नव्हे. साइड इमेजिंगचे बारीक सूर बुडातून नीट जात नाहीत, त्यामुळं तो ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा. काही कयाकना बुडात पाणी निचरण्याची आरपार भोकं असतात, त्यातल्या एकात तो बसवता येतो. नाहीतर कडेला दांडा लावून खाली सोडायचा. दांड्याची सोय मला आवडते, कारण काढता-घालता येतो. फक्त काठाला लागताना आधी वर उचलायचं लक्षात ठेवावं लागतं. हवा भरायच्या रबरी कयाकवर मात्र आतून काहीच चालणार नाही. तिचं पोटच हवेचं आहे, तिला दांडाच हवा.

खरेदी करताना म्हणून हे आधी विचारा: ट्रान्सड्यूसर कोणता येतो, तो माझ्या कयाकला कुठं बसेल, आणि त्याची वायर तिथपर्यंत पुरेल का. पडद्याचे इंच नंतर.

## बॅटरीचा हिशेब

पाच इंची यंत्र साधारण पाऊण-एक अँपिअर वीज खातं. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. ०.८ धरला आणि सकाळी सहा ते बारा बसलो, तर ४.८ अँपिअर-अवर लागले. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी कुठल्याही गावात मिळते. वजन दोन किलोच्या वर. पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे खरी कामाची साडेतीन. चारेक तासांत आटोपलं. तेवढ्याच आकड्याची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला निम्म्याच्या आसपास असते आणि जवळपास पूर्ण वापरता येते. महाग आहे, पण कयाकवर प्रत्येक किलो आपणच ओढायचा असतो. तिला तिचाच चार्जर लावा, शिशाच्या बॅटरीचा नको.

बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असू द्या, पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचा. ओल्या प्लास्टिकच्या डब्यात बसून, पायाशी तापलेली वायर घेऊन, काठ गाठायची वेळ कुणावर येऊ नये.

## वॅट आणि इंच

वॅटच्या आकड्यात दोन मापं चालतात. आरएमएस हे खरं माप, आणि पीक-टू-पीक हे त्याच्या आठपट दिसणारं. ४००० वॅट पीक-टू-पीक आणि ५०० वॅट आरएमएस ही एकच ताकद. तसंही हजार फूट खोलीचा दावा आपल्या कामाचा नाही. कोयनेची भिंतच १०३ मीटर, म्हणजे ३४० फुटांच्या आत आहे, आणि भिंतीपाशी कयाक नेऊ देत नाहीत. गोड्या पाण्यात आवाज खाऱ्यापेक्षा कमी विरतो, लहान यंत्रही पुरतं.

पडदा पाच इंची ठीक. साइड इमेजिंग घेतलं तर सात इंची घ्या, नाहीतर दोन बाजूंची चित्रं चिंचोळी होतात. विकत घेण्याआधी यंत्र दुकानाबाहेर भर उन्हात आणून बघा, आणि पोलराइज्ड गॉगल घालूनही बघा. काही पडदे अशा गॉगलमधून एका कोनात काळे ठिक्कर दिसतात. पाण्यापासून बचावाचं मानांकन आयपीएक्स ७ असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. कयाक उलटली तर तेवढं पुरेसं.

## "पण त्या आवाजानं मासे पळत नाहीत का?"

नाही. रोहू-कटल्याच्या जातीचे मासे चांगलं ऐकतात. त्यांचा तो पोटातला फुगा बारीक हाडांच्या साखळीनं कानाला जोडलेला असतो. पण त्यांचं ऐकणं काही हजार कंपनांपर्यंत असतं. यंत्राचा सूर दोन लाखांचा. त्यांना ऐकू जातो तो वल्हं प्लास्टिकवर आपटल्याचा ठोका, डबा बुडावर सरकवल्याचा आवाज. कयाकच्या आत फोमचा तुकडा किंवा जुनी सतरंजी टाका, त्यानं जास्त फरक पडेल.

## "फोनवर चालणारा चेंडू स्वस्त पडेल ना?"

पाण्यात फेकायचा, वायफायनं फोनवर चित्र पाठवणारा चेंडूसारखा फिश फाइंडर मिळतो. काठावरून मासेमारी करणाऱ्याला तो उत्तम. कयाकमागं दोरीनं ओढताही येतो. पण फोन उन्हात तापतो, ओल्या बोटांना दाद देत नाही, बॅटरी संपली की मदतीला कुणाला बोलवायचं तर तोच बंद. फोनला त्याच्या कामासाठी राहू द्या. नुकतीच सुरुवात करणाऱ्यानं, कयाकचं पक्कं ठरेपर्यंत, चेंडू घ्यायला माझी हरकत नाही.

## "थेट मासा फिरताना दाखवणारं यंत्र?"

गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आलं तेव्हापासून सिनेमासारखं हलतं चित्र दाखवणारी यंत्रं मिळतात. गळाकडं येणारा मासा दिसतो. त्याला वेगळा ट्रान्सड्यूसर, जास्त ताकदीची बॅटरी आणि बहुतेकांच्या कयाकपेक्षा जास्त पैसे लागतात. अमेरिकेतल्या बड्या मासेमारी स्पर्धांनी २०२५ पासून त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या, कारण खेळातला अंदाज त्यानं फार कमी केला. मी ते घेणार नाही. कमी पाण्यात, उन्हाळ्यात, गोळा झालेल्या मोठ्या माशांवर असं यंत्र घेऊन बसणं मला बरोबर वाटत नाही.

## नकाशा स्वतः करा, आणि विचारून उतरा

परदेशातल्या तळ्यांचे तयार खोलीनकाशे यंत्रात येतात, त्यांच्या भरवशावर आपल्याकडं पैसे घालू नका. त्यापेक्षा जीपीएस असलेलं आणि फिरता फिरता खोलीच्या रेषा स्वतः काढणारं यंत्र घ्या. गार्मिनमध्ये क्विकड्रॉ, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह अशी त्याची नावं आहेत. चार-पाच सकाळी शेत नांगरल्यासारखे शेजारी शेजारी फेरे मारले की तुमच्या फुगवट्याचा नकाशा तयार. आणि मे महिन्यात कोरड्या पात्रात चालत जा, फोनवर बांध-विहिरींच्या जागा नोंदवा. पावसाळ्यानंतर त्याच जागा पाण्याखाली असतील आणि तुम्हाला ठाऊक असतील.

जलाशयांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाकडून सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेला असतो. त्यांनी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलेली असतात. आधी संस्थेत जाऊन विचारा, पास असेल तर घ्या. शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर यांचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. आणि पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असताना कृष्णेत कयाक घालू नये, पडद्यावर काहीही दिसत असलं तरी.

## पहिल्या दिवशी गळ घरी ठेवा

यंत्र बसवल्यावर पहिल्या दिवशी मी गळ नेले नाहीत. मामांना पुढं बसवलं, त्यांचा शिशाचा गोळा बरोबर घेतला. त्यांनी दोरी सोडली, बोटांनी मोजली. "चौदा." माझ्या पडद्यावर १३.६. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीखाली असतो, तेवढाच तो फरक, सेटिंगमध्ये ०.४ घातले आणि दोघांचे आकडे जुळले. मग आम्ही पंधरा जागा घेतल्या. आधी दोरीनं चिखल की खडक ते मामांनी सांगायचं, मग मी रेघेची जाडी बघायची. तेरा जागी जमलं. दोन जागी मला रेघ कळली नाही, तिथं पुन्हा पुन्हा फिरलो.

उन्हं वर आल्यावर मामा म्हणाले, "आता त्या विहिरीवर घे. पाणी यायच्या आधी माझ्या चुलत्याची होती." कुठं ते त्यांनी समोरचा डोंगर आणि काठावरचा आंबा एका रेघेत धरून सांगितलं. मी हळू वल्हं मारत गेलो. १४, १४, १३.८, आणि एकदम तळ खचला: २६. कयाक पुढं सरकली तसा तो तेवढ्याच सरळ कडेनं पुन्हा १४ वर आला. मामा पडद्यावर वाकून बघत होते. "गाळानं निम्मी भरली," ते म्हणाले. मी त्या जागेवर जीपीएसची खूण केली आणि नाव विचारलं. त्यांनी चुलत्याचं नाव सांगितलं, मी तेच टाइप केलं.